तट्टू

आमच्या नेरूळच्या बिऱ्हाडी, दिवाणखान्यातील पुस्तकांच्या कपाटाशेजारी, हातभर उंचीचे एक पिवळे सिलिंडर उभे असते. घरी येणाऱ्या पाहुण्याची नजर इंग्रजी कवींवरून आणि मराठी कोशांवरून सरकत सरकत शेवटी त्या सिलिंडरवर येऊन थबकते. सोसायटीच्या चिटणीसांनी तो आगीचा बंब समजून माझ्या नागरिकत्वाच्या जाणिवेबद्दल मला चारचौघांत शाबासकी दिली. नात्यातल्या एक मावशी मात्र बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या, आणि आत जाऊन माझ्या पत्नीला हलक्या आवाजात विचारत्या झाल्या, “काय ग, ह्यांना अलीकडे रात्रीचा प्राणवायू लावावा लागतो की काय?” पत्नीने खरे ते सांगितले, ते ऐकून मावशींची काळजी कमी होण्याऐवजी वाढली. आजारी माणसाने हवेची तजवीज करून ठेवावी हे त्यांना समजत होते. धडधाकट माणसाने समुद्राच्या तळाशी जाण्याकरिता ती विकत घ्यावी, हे त्यांच्या आकलनापलीकडचे होते.

ह्या सिलिंडरला पाणबुड्यांच्या भाषेत ‘पोनी’ म्हणतात. पोनी म्हणजे तट्टू. पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरच्या बाजूला लटकून ते जाते. मोठ्या घोड्याने दगा दिला तर स्वाराला घरी आणून पोचविणे एवढेच त्याचे काम. आमच्या घरात त्याला ‘तट्टू’ हेच नाव पडले आहे. हे तट्टू मी का घेतले, आणि घेताना मला काय काय शिकावे लागले, त्याची ही हकीकत आहे.

नवी मुंबईकराने पाणबुड्या व्हावे ह्यात मुळातच थोडा विनोद आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या ह्या काठावर शहर उभे राहिले. पाणी आमच्या दारात आहे; पण ते पाणी म्हणजे चिखलाचा काढा. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो आणि त्यावर रोहित पक्षी तोऱ्यात फिरू लागतात. ठाण्याच्या खाडीतील त्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे; पण मनुष्याने त्या पाण्यात डोके घातले तर त्याला स्वतःच्या नाकाचा शेंडाही दिसावयाचा नाही. म्हणून आम्हा लोकांना पाणी पाहण्याकरिता पनवेलला कोकण रेल्वेच्या गाडीत बसून कुडाळला उतरावे लागते व तेथून मालवण गाठावे लागते.

मी आणि माझे एक सहाध्यापक ही वाट प्रथम २०१७ साली चाललो. हे गृहस्थ रसायनशास्त्राचे. म्हणून आम्ही सारे त्यांना शास्त्रीबुवा म्हणतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था काढली आहे. तेथे पन्नाशीच्या उंबरठ्यावरील आम्हा दोघांना विशीतल्या मुलांबरोबर बसविण्यात आले. आयुष्यभर ज्यांनी इतरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, ते दोघे तेथे परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांना प्रश्न विचारीत जागत होते. त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही जोडीने पाण्यात उतरू लागलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे उथळ खडक पाहून झाले, गोव्याचा समुद्र पाहून झाला, मुर्डेश्वरासमोरील नेत्राणी बेट झाले. राहिली ती आंग्रे बँक. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेले हे प्रवाळांचे पठार आहे. त्याला सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे, आणि त्याचा माथाच मुळी वीसएक मीटर पाण्याखाली आहे. एक दिवस तेथे जावयाचे, असा आम्हा दोघांचा करार होता.

डायव्हिंगचा पहिला नियम असा की, एकट्याने बुडी मारू नये. दोघे बरोबर उतरतात, बरोबर वर येतात. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्या सिलिंडरला जोडलेले जादा मुखयंत्र त्याला द्यावयाचे. हे मुखयंत्र साधारणतः पिवळ्या रंगाचे असते आणि ते आपल्यासाठी नसून दुसऱ्यासाठी असते. स्वतःच्या सुटकेचे साधन दुसऱ्याच्या छातीवर बांधून ठेवण्याची ही रीत मला पहिल्या दिवसापासून फार हृद्य वाटत आली. शास्त्रीबुवा पाण्याखाली कधी माझ्यापासून दोन हातांपलीकडे गेले नाहीत. दर पाच मिनिटांनी ते हाताची खूण करून विचारीत, “किती उरली?” मी बोटांनी आकडा सांगे. सात हिवाळे हा संवाद चालला होता, आणि वर आल्यावर, रेल्वेत, किंवा महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात, त्याच प्रश्नाचा आम्ही वाटेल त्या अर्थाने उपयोग करीत असू. सेवानिवृत्तीला वर्षे किती उरली, पगारातले पैसे किती उरले, सर्वांना एकच खूण.

२०२३ च्या पावसाळ्यात शास्त्रीबुवा पुढील हंगामासाठी वैद्यकीय दाखला आणावयास म्हणून गेले, आणि दाखल्याऐवजी हृदयाच्या रोहिण्यांत तारेची जाळी बसवून परत आले. समुद्राने त्यांचा जीव वाचविला म्हणावयाचे. कारण दाखल्याची गरज नसती तर ते डॉक्टरकडे फिरकलेच नसते. पण डॉक्टरांनी त्यांना पाण्याखाली जाण्याची मनाई केली. मी भेटावयास गेलो तेव्हा ते बिछान्यावर पडून होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी हात उचलून खूण केली, “किती उरली?” मला बोटे उचलता आली नाहीत.

पुढच्या जानेवारीत मी एकटाच कोकणात गेलो. एकट्या आलेल्या माणसाला तेथे कोणी एकटे उतरू देत नाही, आणि ते योग्यच आहे. कोणीतरी जोडीदार नेमून देतात. मला मिळालेला जोडीदार हा एक सुस्वभावी तरुण होता. त्याच्या हातात छायाचित्रे घेण्याचे मोठे यंत्र होते, आणि त्या यंत्राच्या भिंगाबाहेरचे जग त्याच्यापुरते अस्तित्वात नव्हते. आम्ही १४ मीटरांवर होतो. माझ्या सिलिंडरमध्ये निम्म्याहून थोडी अधिक हवा असताना माझा रेग्युलेटर एकाएकी बिघडला आणि त्यातून हवा फसफसून बाहेर धावू लागली. असे झाले म्हणजे सिलिंडर एक-दोन मिनिटांत रिकामे होते. तो तरुण माझ्यापासून आठ-दहा मीटरांवर, माझ्याकडे पाठ करून, एका माशाचे चित्र घेत होता. मी हाक मारू शकत नव्हतो. पाण्यात हाक नसते. शिकविल्याप्रमाणे मी ओठ अर्धवट उघडे ठेवून त्या वाहत्या हवेतली थोडी थोडी हवा चोखीत वर सरकू लागलो. तेवढ्यात पुढे गेलेल्या वाटाड्याने बुडबुड्यांचा लोट पाहिला, तो झपाट्याने आला आणि त्याने आपले पिवळे मुखयंत्र माझ्या तोंडात दिले. दोघे सावकाश वर आलो. इजा काहीच झाली नाही. तो तरुण वर आल्यावर माझे हात धरून क्षमा मागू लागला. पण त्याच्यावर रागावण्याचे मला कारण दिसेना. मला धक्का बसला होता तो निराळ्याच गोष्टीचा. मी एकटा नाही, ह्या समजुतीने मी खाली गेलो होतो. आणि खरे पाहता मी तेथे अगदी एकटा होतो. जो जाणूनबुजून एकटा जातो तो निदान एकट्याची तयारी करून जातो. माझ्यापाशी एकटेपणा होता आणि तयारी मात्र जोडीची होती.

मुक्कामावर परतताना आमच्या बोटीचे तांडेल, वयाने माझ्याहून मोठे, सुकाणूवर हात ठेवून म्हणाले, “सर, दर्यात दोगा जातत खरे, पण श्वास मातर जेचो तेनाच घेवचो लागता.”

घरी आल्यावर मी शास्त्रीबुवांना सारे सांगितले. त्यांनी पत्नीकडून कागद मागविला, चष्मा लावला, आणि हृदयविकाराच्या रोग्याने धरू नये इतक्या उत्साहाने पेन्सील धरली. त्यानंतरचे चार रविवार आम्ही त्यांच्या वाशीच्या घरी जेवणाच्या मेजावर हवेचा हिशेब करीत घालविले. ते खाली जाऊ शकत नव्हते. पण मी खाली जावयाचा तर कोणत्या हवेवर, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

प्रथम त्यांनी मला इतिहास सांगितला. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ ह्यांनी मागेल तेवढीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले आणि माणूस नळीच्या बंधनातून सुटून पाण्यात मोकळा फिरू लागला. त्या आरंभीच्या काळात हवा किती उरली हे दाखविणारे घड्याळ सर्रास नसे. त्याऐवजी सिलिंडरच्या तोंडाशी एक राखीव खीळ असे. श्वास जड येऊ लागला की पाणबुड्याने एक दांडी ओढावयाची, म्हणजे राखून ठेवलेली शेवटची हवा मिळे. पण ती दांडी खडकाला अडकून आधीच ओढली गेली असली, तर राखीव म्हणून समजलेली हवा नकळत वापरली जाऊन संपलेली असे. “पाहा,” शास्त्रीबुवा म्हणाले, “एकाच डब्यात दोन कप्पे केले म्हणून दोन डबे होत नाहीत. आपल्या पगारातून आपणच काढून ठेवलेली शिल्लक आणि दुसऱ्या बँकेतली ठेव, ह्यांत जो फरक आहे तोच हा.”

ह्या कसोटीवर त्यांनी एकेक साधन घासून पाहिले. संकटे दोन प्रकारची: एक हवा संपणे, आणि दुसरे हवा देणारे यंत्र बिघडणे. छातीवरचे पिवळे मुखयंत्र त्याच सिलिंडरला आणि त्याच जोडणीला लागलेले. जोडीदाराच्या उपयोगाचे, पण स्वतःच्या उपयोगाचे दोन्ही संकटांत फारसे नाही. एका सिलिंडरला दुतोंडी झडप लावून दोन स्वतंत्र रेग्युलेटर जोडता येतात. तेणेकरून बिघडलेला बंद करून दुसऱ्यावर श्वास घेता येतो, पण सिलिंडरच रिकामे झाले तर दोन्ही तोंडे सारखीच मुकी. पाठीवर दोन मोठी सिलिंडरे बांधली तर दोन्ही संकटांवर उपाय होतो. परंतु पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या कण्याने तो भार बोटीवर चढताना पेलावा कसा, हे तिसरे संकट उद्भवते. उरले ते लहान, स्वतंत्र सिलिंडर: त्याची झडप वेगळी, रेग्युलेटर वेगळा, घड्याळ वेगळे.

पण लहान म्हणजे किती? माझ्या एका विद्यार्थ्याने पाण्याच्या बाटलीएवढे एक सुबक उपकरण सुचविले होते. त्यात ३ घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर हवा मावते. मला ते फार आवडले, कारण ते हलके होते. शास्त्रीबुवांनी बॉइलचा नियम काढला. दर १० मीटरांना एका वातावरणाचा दाब वाढतो. तेव्हा ३० मीटरांवर दाब चौपट, आणि एका श्वासाला हवाही चौपट. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. घाबरलेल्या माणसाची त्यांनी ३० धरली. म्हणजे ३० मीटरांवर मिनिटाला १२० लिटर. “तुमची सुबक बाटली,” ते म्हणाले, “पाऊण मिनिटाच्या आत संपली. एवढ्या वेळात तुम्ही ‘हे काय झाले?’ हा विचार पूर्ण कराल.”

मग त्यांनी खरा हिशेब मांडला. गोंधळ निस्तरण्याकरिता तळाशी एक मिनिट: १२० लिटर. मिनिटाला ९ मीटरांच्या वेगाने वर येण्यास साडेतीन मिनिटांना थोडी कमी, दाब सरासरी अडीचपट: २५० लिटर. रक्तात विरघळलेला नत्रवायू सावकाश बाहेर पडावा म्हणून ५ मीटरांवर तीन मिनिटांचा थांबा: १३५ लिटर. एकूण ५०५. तीन लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये २०० वातावरणांच्या दाबाने ६०० लिटर हवा बसते. आकड्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या, आणि तट्टूची निवड झाली.

ते घरी आल्यावर त्याच्या सवयी लावाव्या लागल्या. त्याचे मुखयंत्र मी हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवितो, म्हणजे अंधारातही ते हाताला लागते. त्याला निराळ्या रंगाची पट्टी आहे. कारण चुकून बुडीच्या आरंभापासून तट्टूचीच हवा घेत राहावे, आणि ती संपल्यावर संकटाचा आरंभ व्हावा, असे प्रकार घडू शकतात. त्याची झडप खाली जाताना उघडी ठेवावी की बंद, ह्यावर पाणबुड्यांत दोन पंथ आहेत. बंद ठेवली तर नकळत हवा गळत नाही. उघडी ठेवली तर ऐनवेळी शोधाशोध नको. माझ्या घाबरलेल्या हाताची मला ओळख झालेली असल्यामुळे मी दुसऱ्या पंथात सामील झालो आहे, आणि त्याची किंमत म्हणून तट्टूच्या घड्याळाकडेही अधूनमधून नजर टाकतो.

इतके सगळे साधल्यावर माझ्या मनात एक विचार डोके वर काढू लागला. आता जोडीदार हवा कशाला? आंग्रे बँकेवर एकट्यानेच का उतरू नये? आपल्या गतीने जावे, आपल्या मर्जीने थांबावे, कोणा अनोळखी तरुणाच्या पाठीकडे पाहत हिंडू नये. एका रात्री मी हे पत्नीला बोलून दाखविले. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “जादा हवा घेतलीत, चांगलं केलंत. पण तुम्हांला खाली चक्कर आली, तर ती हवा तुमच्या तोंडात कोण देणार?”

ह्या प्रश्नाला शास्त्रीबुवांच्या कागदावर उत्तर नव्हते. तट्टू हवेची उणीव भरून काढते. श्वास घेणाऱ्याची उणीव त्याला भरून काढता येत नाही. वयस्क पाणबुड्यांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, आणि तो विकार घड्याळावर आकडा दाखवून येत नाही. कोळ्यांचे सुटलेले जाळे पायांत गुरफटले, तर साडेचार श्वासांऐवजी साडेचारशे श्वास मिळतील. पण पाठीमागची गाठ आपल्या हाताने सुटत नाही. आणि आंग्रे बँकेवरून किनारा शंभर किलोमीटरांवर. एकट्याने बुडी मारण्याचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्था आज जगात आहेत. स्वतंत्र हवेचा दुसरा साठा जवळ असलाच पाहिजे हा त्यांचा दंडक आहे. पण त्याही आधीचा दंडक असा की, निदान शंभर बुड्या झाल्यावाचून उमेदवाराला त्या दारात उभे करीत नाहीत. माझ्या वहीत आजवर एकसष्ट बुड्यांची नोंद आहे. उरल्या एकोणचाळीस. माझ्या वयात आणि कोकणच्या हंगामांच्या हिशेबाने ही चार-पाच वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे डॉक्टरकडे गेलो आणि स्वतःच्या हृदयाची तपासणी करून घेतली. ती ठीक निघाली. गेल्या फेब्रुवारीत मालवणला गेलो तेव्हा नेमून दिलेल्या जोडीदाराबरोबरच उतरलो. बोटीतच मी त्याला तट्टू दाखविले, त्याच्या खुणा समजावून दिल्या, आणि सांगितले की, तुला गरज पडली तर माझ्या छातीवरचे पिवळे मुखयंत्र तुझे आहे. पाण्याखाली दर पाच मिनिटांनी मी वळून त्याला विचारीत होतो, “किती उरली?” पहिल्या दोन वेळी तो गोंधळला, तिसऱ्या वेळी त्याने बोटे दाखवून तोच प्रश्न मला उलट केला. त्या बुडीत फार मोठे असे काही दिसले नाही. एक कासव लांबून गेले, एवढेच. पण पुष्कळ दिवसांनी मी खाली निश्चिंत होतो, आणि तो निश्चिंतपणा तट्टूचा किती आणि त्या बोटांचा किती, हे मला अद्याप सांगता येत नाही.

बोटीवर शास्त्रीबुवा होते. डॉक्टरांनी पाण्याखाली जाण्याची मनाई केली होती, पाण्यावर बसण्याची नव्हे, असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता. टोपी घालून, गळ्यात शिटी अडकवून आणि हातात घड्याळ धरून ते कठड्याशी बसले होते. आमचे बुडबुडे जिकडे जातील तिकडे ते तांडेलांना बोट वळवावयास लावीत होते. मी वर येताच, शिडीला हात लावण्यापूर्वीच, त्यांनी वरून खूण केली. मी प्रथम मोठ्या सिलिंडरचा आकडा सांगितला. त्यांनी मान हलविली आणि माझ्या बगलेकडे बोट दाखविले. मी तट्टूचे घड्याळ वर धरले. दोनशे, जसे नेले होते तसेच.

“छान,” ते म्हणाले, “आता चहा घ्या.”

आंग्रे बँकेचा करार अजून मोडलेला नाही. फक्त त्याचे कलम बदलले आहे: एकाने खाली जावयाचे आणि एकाने वर घड्याळ धरून बसावयाचे. तोपर्यंत तट्टू दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे आहे. दर रविवारी मी त्याचे घड्याळ पाहतो, आणि मग वाशीला फोन करतो. पलीकडून शास्त्रीबुवा हॅलो म्हणत नाहीत. ते नेहमीचाच प्रश्न विचारतात.